उपाशी म्हैस आणि पणजोबांची पायली

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी सोळा सोमवार धरले होते. सहाव्याच सोमवारी धाकट्या नणंदेने कांदाभज्यांची ताटली माझ्यापुढे आणून ठेवली. "खा गं वहिनी, कोण बघतंय?" हात पुढे गेला होता हो, खोटं कशाला सांगू! तेवढ्यात शेजारच्या द्वारकाकाकू आल्या. रागावल्या नाहीत. ओट्यावर टेकल्या आणि ही गोष्ट सांगितली.

एका नदीवर पाच घाट, पाच घाटांचे पाच राजे. पाचांनी मिळून एक मंडळ केलं. करार लिहिला : घाट सगळ्यांना खुले आणि पाची बाजारांत माप एकच. थोरल्या घाटाच्या नीलध्वज राजानेही शिक्का मारला. पण धान्य मोजायची मंडळाची नवी पायली बाजारात आली आणि राजाचं डोकं फिरलं! त्याच्या राज्यात पायली म्हणजे पणजोबांच्या मुकुटाएवढी. पणजोबांचं डोकं चांगलं भोपळ्याएवढं. राजा तोच मुकुट आत पंचा कोंबून घालायचा.

"प्रधानजी, आमच्या ताम्रपटाची पहिली ओळ वाचा!"

"'या राज्यात राजाच्या शब्दावर कुणाचा शब्द नाही', महाराज."

"मग हे मंडळ कोण लागून गेलं? उद्या दुपारपर्यंत मला असा माणूस दाखवा, जो शब्दाने बांधलेला आहे आणि तरी स्वतःचा मालक आहे. नाही दाखवलात, तर करार फाडतो आणि घाट बंद करतो!"

बातमी मुदपाकखान्यात पोचली आणि सगुणा सैपाकिणीच्या हातातली उलथणी खाली पडली. तिची मंजुळा नदीपलीकडे दिलेली. आठवा महिना भरलेला. परवाच्या नावेने बाळंतपणाला माहेरी यायची होती. घाट बंद झाला तर लेक तिकडे, आई इकडे!

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. एका सरदाराने साखळदंडातला हत्ती आणला.

"हा बांधलेला आहे, पण मालक कुठे आहे?" राजा ओरडला. "न्या परत!"

एका पंडिताने आपला घरजावई पुढे केला. त्याला राजाने काही विचारलंच नाही, नुसतं कीव आल्यासारखं पाहिलं.

इतक्यात बेसनाच्या लाडवांचं ताट घेऊन सगुणा आत आली.

"महाराज, माणूस आणलाय."

"कुठे आहे?"

"ही काय, उभी आहे की!"

दरबार खो खो हसला. राजा म्हणाला, "तू होय! बरं, आधी एक लाडू खाऊन दाखव. विष नाही ना घातलंस?"

"प्रधानजींना द्या महाराज. मी नाही खायची. आज माझा सोमवार."

"आमची आज्ञा आहे, खा!"

"आज्ञा शिरसावंद्य. उद्या सकाळी चार खाईन."

प्रधानजींनी डोळेच मिटून घेतले. राजा उठून उभा राहिला.

"म्हणजे तुझा सोमवार आमच्याहून मोठा? अगं, त्याने तर तुला बांधून ठेवलंय! लाडू समोर, तोंडाला पाणी आणि खायची सोय नाही. कसली गं तू स्वतःची मालकीण?"

"महाराज, सोमवार मला कुणी धरायला लावला? कुणी नाही. मीच धरला. तुमच्या गोठ्यातली म्हैस गवळी वैरण घालायला विसरला की दिवसभर उपाशी राहते. म्हशीला सोमवार घडला, असं म्हणतं का कुणी?"

"नाही म्हणत," राजा नकळत बोलून गेला.

"का नाही? तर ती दाव्याला आहे! व्रत धरता येतं ते मालकालाच. आता सांगा, करारावर शिक्का कुणाचा?"

"आमचा."

"मग बाजारात मंडळाची पायली चालते, ती कुणाच्या शब्दाने?"

राजाने मिशी चावली. "आमच्याच की!"

"झालं तर! ताम्रपटही जागेवर आणि करारही जागेवर."

पण राजा हट्टी. "आणि उद्या मंडळ म्हणालं, मिशा उतरवा, तर?"

"संकल्प करताना मिशांचं बोलला होतात का? नाही ना? मी सोमवार धरलाय. मंगळवारी मला कुणी उपाशी ठेवून तर बघावं!"

"आणि कंटाळा आला तर? जन्माचे अडकलो?"

"अहो, उद्यापन असतं ना! चौघांना बोलवायचं, जेवू घालायचं, रीतीने सोडायचं. पण भरल्या ताटाला लाथ मारून उठायचं नाही. आणि घाट बंद केलात, तर बाळंतपणाला यायची माझी मंजुळा पलीकडेच अडकेल!"

मग राजाच्या पोटातून हसू आलं ते गडगडतच. "घाट खुला! माझी नाव घेऊन जा आणि मंजुळेला आण. आणि बाळंतिणीच्या लाडवांना पायलीभर डिंक, पायलीभर खारका! पणजोबांच्या पायलीने!"

प्रधानजी पुटपुटले, "पण महाराज, ती पायली तर आता बंद..."

"प्रधानजी," सगुणा म्हणाली, "करार बाजाराचा आहे. लेकीच्या बाळंतपणाला मंडळ कशाला विचारायचं?"

राजा इतका हसला, इतका हसला, की आतला पंचा निसटला आणि पणजोबांचा मुकुट सरळ नाकावर आला!

माझी ती भजी नणंदेनेच संपवली. माझे सोळाही सोमवार पार पडले. तुम्हीही एखादा लहानसा नेम धरून बघा हो, आपल्या मनाने, झेपेल एवढाच. आणि समोर भजी आली, की म्हशीची आठवण तेवढी ठेवा!