उस्तादांचा खांदा

“जड घालू की हलकं, उस्ताद? एवढंच सांगा.”

रणधीर भोईटेने आखूड नळीची रायफल पुढे केली. पोलिसांच्या शस्त्रदुरुस्तीत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे त्याला कुणी सांगावं लागत नसे.

इब्राहिम उस्ताद चांदमारीच्या मैदानाच्या कडेला बाभळीखाली बसले होते. निवृत्त होऊनही त्यांची सुटका नव्हती. अडलं की जो तो त्यांच्याकडेच यायचा.

“तू कोणतं घातलंस?”

“जड.”

या रायफलच्या दस्त्यात एक वजन असतं. बार उडाला की ते मागे सरकतं, स्प्रिंग त्याला पुढे ढकलते आणि पुढची गोळी नळीत चढते. वजन जड असलं की खांद्याला धक्का मऊ लागतो; हलकं असलं की धक्का जोरात बसतो, पण ते सहज मागे सरकतं.

“मग मला कशाला विचारतोस?”

रणधीरनं रायफलवरून हात फिरवला.

“चैतू शिपायाची रायफल जंगलात अडकली, उस्ताद. मीच तयार केली होती. चैतू परत आला नाही. उद्या त्याची तुकडी पुन्हा निघते आहे. आणि मी इथं उडवतो, तेव्हा एकदाही अडकत नाही!”

उस्तादांनी काठी बाजूला ठेवून रायफल खांद्याला लावली.

पहिली गोळी सुटली. दुसरी अडकली.

“तुमचा खांदा सैल पडला,” रणधीर म्हणाला. “रायफलचा दोष नाही.”

“खरं आहे. मला नाचता येईना, अंगणाला कशाला वाकडं म्हणू?”

उस्तादांनी रायफल मांडीवर ठेवली.

“चैतू त्या दिवशी कसा होता रे?”

“तापानं फणफणलेला. रात्र रात्र झोप नाही. तरी गेला...”

आपण रायफल पारखली ती आपल्या धडधाकट खांद्यावर, हे रणधीरच्या ध्यानात आलं. लाजेनं त्याची मान खाली गेली.

तो तिथंच मातीत बसला. दस्ता उघडून त्यानं हलकं वजन घातलं आणि रायफल पुन्हा उस्तादांच्याच खांद्याला लावली. गोळ्या शेवटपर्यंत सुटल्या. धक्क्यानं म्हातारा कळवळला, पण रायफल अडली नाही.

“सापडलं!” रणधीरचे डोळे भरून आले. “हेच वजन. आता सगळ्या रायफलींत हेच घालतो.”

उस्ताद काठी टेकत उठले आणि भर उन्हात मैदानाकडे चालू लागले.

“अहो, कुठं निघालात?”

“थांब जरा... मी अजून पुरता दमलो नाही. दमून येतो, मग पुन्हा उडवू.”