घुमटाचं कातडं

माणूस मडक्याशीही भांडायचा, त्या काळची ही गोष्ट. चतुर्थी तोंडावर आली आणि धाकूचं घुमट फाटलं. घुमट म्हणजे मातीचं मडकं, तोंडाला घोरपडीचं कातडं ताणलेलं. मडकं काखेत मारून धाकू रानात गेला. तिथं वारुळात घोरपड अंडी राखत बसली होती. त्यानं तिची शेपटी धरून ओढली. तिनं चारी पायांच्या नख्या मातीत रोवल्या.

“माती सोड गो! देवाचं काम आहे.”

“देवानं माझं कातडं मागितलं? तुझं दे की!”

तेवढ्यात काखेतलं मडकं खेकसलं, “धाकू, तुझ्या पडवीत आषाढातल्या बकऱ्याचं कातडं पडलंय. ते बांध.”

“लोक हसतील. आज्यापासून घोरपडीचंच आहे.”

“आवाज माझ्या पोटातला आहे रे, तिच्या पाठीतला नाही! तिला मारलंस तर मी मुकं राहीन. मग बस भर आरतीत मांडीवर थापा मारत.”

धाकूनं शेपटी सोडली.

चतुर्थीला बकऱ्याच्या कातड्याचं ते घुमट असं घुमलं, की हसायला आलेले म्हातारेच झांजा घेऊन उभे राहिले. आवाज रानात पोचला. दरवर्षी तो ऐकून घोरपड बिळात पळायची. आज ती वारुळावर ऊन खात पसरली होती. तिनं मान तेवढी वर केली आणि पुन्हा पसरली.