हौसाबाईंचे डोळे

एकदा एक शिष्या आपल्या गुरूवर इतकी संतापली, की तिने त्यांच्या स्टुडिओचे दार आपटून बाहेरचा रस्ता धरला आणि लगेच मागे फिरून ते पुन्हा उघडले. जे बोलायचे होते ते बोलून झाले नव्हते.

तिचे नाव शर्वाणी. गुरू वृद्ध छायाचित्रकार होते, पैठण्या विणणाऱ्यांच्या गावात राहत. त्यांच्याकडे मीडियम फॉरमॅटचा मोठा डिजिटल कॅमेरा होता. त्याच्या पाठीला सेन्सर असलेला एक चौकोनी भाग बसवायचा, आणि चित्र उमटायचे ते त्या भागावर. हा सेन्सर जुन्या पद्धतीचा, सीसीडी जातीचा होता. भरपूर उजेड दिला तर तो असे रंग टिपायचा की पाहणारा थबकून उभा राहावा. उजेड कमी पडला की मात्र चित्रात बारीक ठिपक्यांची खरखर उतरायची. शर्वाणी याच यंत्रावर शिकली होती. गावातल्या वृद्ध विणकरांच्या चेहऱ्यांचे पुस्तक ती याच यंत्राने घडवत होती आणि ते निम्मे पूर्ण झाले होते.

त्या सकाळी गुरूंनी तो जुना भाग एका व्यापाऱ्याला देऊन टाकला आणि त्याच्या बदल्यात सीमॉस जातीचा नवा भाग आणला. या नव्या सेन्सरला खिडकीतला मंद उजेडही पुरतो, असे व्यापारी म्हणाला होता.

"मला विचारलंसुद्धा नाही तुम्ही," शर्वाणी म्हणाली. "निम्मं पुस्तक एका रंगात आणि निम्मं दुसऱ्या रंगात? प्रकाश साधावा लागतो, त्यासाठी कष्ट घ्यावे लागतात, हे तुम्हीच शिकवलंत ना? आणि आता ही अंधारातही चालणारी सोय विकत आणलीत. आळशी माणसांसाठी असतात असल्या सोयी."

गुरूंनी ऐकून घेतले. मग भिंतीजवळच्या स्टुलाकडे बोट दाखवून म्हणाले, "बस तिथे."

"कशाला?"

"बस."

ती बसली. गुरूंनी स्टुलाच्या दोन्ही बाजूंचे मोठे दिवे लावले आणि कॅमेऱ्यामागे जाऊन उभे राहिले. "हनुवटी वर. डोळे पूर्ण उघड. हलू नकोस." खट्ट आवाज झाला. "पुन्हा. डोळे मिटू नकोस." पुन्हा खट्ट. असे किती वेळ चालले ते तिला कळले नाही. कपाळावर घाम आला, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. रागापोटी ती उठली नाही. म्हाताऱ्याला काय सिद्ध करायचे आहे ते एकदा पाहूनच घेऊ, असे तिच्या मनात होते.

मग गुरूंनी कॅमेरा जरासा वळवला, आणि तिला त्याची मागची बाजू दिसली. ती रिकामी होती. नवा भाग अजून खोक्यातच होता.

"यात काहीच बसवलेलं नाही," ती म्हणाली. "फोटो कुठे उमटतोय?"

"कुठेच नाही."

"मग मला छळताय कशासाठी?"

"काल हौसाबाईंनीही हेच विचारलं असतं. पण त्या भिडस्त. नुसत्या उठून गेल्या."

हौसाबाई गावातल्या जुन्या विणकर. त्यांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते, आणि तसे त्यांनी स्टुलावर बसण्याआधीच सांगितलेही होते. "बाई, डोळे भाजतायत," असे त्या म्हणाल्या तेव्हा शर्वाणीने उत्तर दिले होते, "आजी, थोडं सोसल्याशिवाय चांगलं काम होत नाही." हौसाबाई पदराने डोळे पुसत निघून गेल्या, आणि त्यांच्यामागे शर्वाणी तणतणली होती की या लोकांना कलेची कदर नाही. गुरू तेव्हा दाराशी उभे होते.

आता त्यांनी दिवे मालवले. शांत माणसाचा राग कसा दिसतो, हे शर्वाणीने त्या दिवशी पाहिले. त्यांचा आवाज चढला नाही, पण ते एकेक शब्द तोडून बोलले.

"तुला यंत्राचा राग येतो, माझा येतो. त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचा राग का आला नाही तुला? जुन्या सेन्सरला उजेड लागायचा. तो त्याचा स्वभाव होता, त्याला दोष नाही. दुसरा मार्ग नव्हता, म्हणून समोरच्याला आपण विनंती करत होतो, थोडं सहन करा. आज मार्ग आहे. मार्ग असताना सहन करायला लावणं ही साधना नाही, शर्वाणी, निव्वळ मस्ती आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांनी करायची ती कसली तपश्चर्या?"

"आणि रंग?" ती हट्टाने म्हणाली.

"वेगळे येतील. कदाचित तितके सुंदर येणार नाहीत. मलाही ते रंग आवडायचे. पण ती अडचण तुझी आणि माझी. हौसाबाईंची नव्हे."

शर्वाणी नमस्कार न करताच निघाली. तिला काहीही पटले नव्हते. भर उन्हात रस्त्यावर तिच्या डोळ्यांसमोर हिरवे ठिपके नाचत होते. पुढून येणारी सायकल तिला दिसली नाही, आणि सायकलवाल्याने चार शब्द सुनावले. ती एका ओट्याला धरून उभी राहिली. तिचे डोळे तरुण आणि धडधाकट होते.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि एक शब्द न बोलता नवा भाग कॅमेऱ्याला बसवून हौसाबाईंच्या घरी गेली. हौसाबाईंनी दार अर्धेच उघडले.

"दिवे आणलेत?"

"नाही, आजी. परवा चुकलंच माझं."

हौसाबाईंच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. पण त्या बाजूला सरकल्या आणि खिडकीशी, मागाजवळ जाऊन बसल्या. घरात उजेड बेताचाच होता. शर्वाणीने फार सूचना दिल्या नाहीत. हौसाबाई सुनेशी बोलत होत्या, रेशमाच्या गुंत्यावर वैतागत होत्या, मध्येच त्यांनी कॅमेऱ्याकडे रोखून पाहिले, आणि शर्वाणीने तेवढे टिपले.

संध्याकाळी तिने ते चित्र संगणकावर उघडले आणि शेजारी आधीची सगळी चित्रे मांडली. जुने रंग खरोखरच अधिक खोल होते. त्यात ती चुकली नव्हती. पण त्या सुंदर रंगांतला प्रत्येक वृद्ध चेहरा डोळे बारीक करून बसला होता. भुवया आखडलेल्या, पापण्या ताणलेल्या. या आखडण्यालाच आयुष्यभराच्या अनुभवाची खूण म्हणून तिने पुस्तकाच्या प्रस्तावनेत गौरवले होते. तो अनुभव नव्हता. तिच्या दिव्यांचा त्रास होता. हौसाबाई एकट्या पूर्ण उघड्या डोळ्यांनी पाहत होत्या, आणि त्या डोळ्यांत अजून थोडा राग होता.

शर्वाणीचा रागही उतरला नव्हता. फक्त आता तो कोणावर आहे, हे तिला नीट ठाऊक होते. तिने प्रस्तावनेतली ती ओळ खोडली आणि उजाडताच पहिल्या विणकराच्या घराकडे निघाली, पुन्हा बसाल का, असे विचारायला.

जुनी पद्धत सुटताना आपण हळहळतो तेव्हा एवढे स्वतःला विचारावे, की तिचा त्रास आजवर कोण सोसत होते.