महाराजांच्या हातचं तूप

आंबेगडच्या महाराजांची मोटार ऐन दसऱ्याच्या सकाळी रुसली! इंजीन सुरू होई, गिअर पडे, भुजंगा ड्रायव्हर क्लच सोडी, गाडी छाती फुटेस्तोवर गुरगुरे. पण चाक तसूभर हलेल तर शपथ! आणि संध्याकाळी सीमोल्लंघनाला महाराजांना हिच्यातूनच गावची शीव ओलांडायची होती.

क्लचची तबकडी आदल्याच दिवशी नवी बसवलेली. झालं! सगळा दरबार एका सकाळीत मेकॅनिक झाला. दिवाणजी म्हणाले, "ड्रायव्हरनं उलटी बसवली!" राजज्योतिषी म्हणाले, "शनी वक्री आहे!" शनीला हद्दपार करता येत नव्हतं, म्हणून सगळ्यांच्या नजरा भुजंगावर वळल्या.

"दुपारपर्यंत गुन्हेगाराचं नाव हवं!" सर्जेराव महाराज कडाडले. "त्याला ही गाडी शिवेपर्यंत ढकलायला लावीन. नाव निघालं नाही, तर भुजंगा बायकापोरांसकट संस्थानाबाहेर!"

भुजंगा घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. थोरली लेक येसू म्हणाली, "अप्पा, तुम्हाला नाव ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे गं! पण ते घेतलं तर हद्दपारी परवडली म्हणायची. काल खंडेनवमी. तलवारींशेजारी ही नवी तबकडीही पूजेला मांडली. महाराजांना भक्तीचा उमाळा आला आणि वाटीभर तूप त्यांनी स्वतःच्या हातानं तिला चोळलं. अगं, ती कोरडी असली तरच इंजिनाला धरून फिरते आणि चाकं फिरवते! पण महाराजांच्या हातचं तूप पुसायची कुणाची छाती?"

येसूला बापाची कीव आली आणि दरबाराचा असा संताप आला की विचारू नका. मग ती एकदम हसली.

"हात्तिच्या! आपण नाव घ्यायचंच नाही. ज्याचं त्यानं घ्यावं!"

तडक ती दरबारात उभी राहिली. "महाराज, नाव निघालं की कुणाची रदबदली चालणार नाही ना?"

"माझा सख्खा भाऊ असला तरी नाही!"

"भावाहून जवळचा आहे, महाराज."

दिवाणजी उगाचच दोन पावलं मागं सरकले.

येसूनं दरबारी पैलवान हैबतीला पुढं बोलावलं आणि पूजेतलं उरलेलं तूप त्याच्या मनगटाला चोळायला लावलं. "आता याला ओढा, महाराज! तुम्ही इंजीन, हा चाक."

महाराजांनी मिशीला पीळ दिला, मनगट पकडलं, जोर लावला. गुरगुरले, लालबुंद झाले; पण हैबती जागचा हलेना. शेवटी हात सटकला आणि महाराज थेट राजज्योतिष्यांच्या मांडीवर! हा योग काही त्यांच्या पंचांगात नव्हता.

"हा काय चावटपणा!" महाराज ओरडले. "तूप चोळल्यावर पकड कशी बसणार?"

"तबकडीचंही तेच म्हणणं आहे, महाराज."

"तबकडीला तूप? कोणत्या गाढवानं चो..."

महाराज थबकले. त्यांनी हळूच स्वतःच्या हाताकडे पाहिलं. दरबारातला जो तो छतावरची नक्षी न्याहाळू लागला.

"पोरी," महाराज खालच्या आवाजात म्हणाले, "म्हणजे आता गाडी मी ढकलायची?"

"हुकूम म्हणजे हुकूम! पण ढकलणारा खालीच उभा असावा, असं हुकमात कुठंय? अप्पा तबकडी काढून पेट्रोलनं धुतील, उरलंसुरलं तूप मुलतानी मातीनं टिपून घेतील. गाडी सुरू झाली की आपण मागं बसा आणि पुढच्या सीटला हात लावून शिवेपर्यंत ढकलत राहा!"

"वा! काय ते महाराजांचं बळ!" दिवाणजी सवयीनं बोलून गेले.

महाराज पोट धरून हसले. हसता हसता त्यांनी हातातलं सोन्याचं कडं येसूला दिलं. "आज गाडीत दिवाणजींच्या जागेवर तू बसायचंस, ते येतील पायी! आणखी काय हवं, माग!"

"एवढंच, महाराज," येसू म्हणाली. "पुढच्या नवमीला गाडीची पूजा लांबून करा!"