थांबवणारं पुस्तक

एका गावात एक भोळा केरबा होता आणि त्याला एक थोरली बहीण होती. या कुमुदताईला भीतीचे सिनेमे फार आवडत. पडद्यावर दार करकरलं की केरबा खुर्चीखाली जाई. ताई पुढे सरकून बसे.

रविवारी वाचनालयात ताईचं भाषण होतं. विषय, ‘आपण भीतीचे सिनेमे का बघतो?’ अध्यक्ष आबा सगळ्यांदेखत म्हणाले होते, “भुताखेतांत कसला आलाय विचार? किंचाळेल आणि खाली बसेल.” ताईला ते झोंबलं होतं. त्यात तिचा पाय मोडला.

“केरबा, वाचनालयात जा. भीतीच्या सिनेमांविषयी विचार करून लिहिलेलं पुस्तक आण.”

केरबाने कवटीच्या चित्राचं पुस्तक आणलं. वाटभर पालथं धरून आणलं.

“अरे, ह्या नुसत्या भुताच्या गोष्टी! अभ्यासाच्या पुस्तकाला शेवटी यादी असते. ती बघून आणायचं.”

“बरं.”

दुसऱ्या दिवशी त्याने वधूवर सूची आणली. “ताई, ह्यात पहिल्या पानापासूनच यादी आहे.”

ताईने कपाळाला हात लावला. “यादी सोड. विचार करायला लावणारं पुस्तक माणसाला मध्येच थांबवतं. वाचणारा थांबतो, वर बघतो, मग पुढे वाचतो. कळलं?”

“कळलं.”

केरबा वाचनालयाच्या बाकावर दोन तास बसला. एक गृहस्थ दोन ओळी वाचत, छताकडे बघत, पुन्हा दोन ओळी वाचत. केरबाने हातापाया पडून त्यांचं पुस्तक मागून आणलं.

‘गळक्या छपराची दुरुस्ती.’

“गाढवा, परवा भाषण आहे माझं! आता तू काही शोधू नकोस. ग्रंथपाल निमकरबाई उद्या रजेवरून येतायत. त्या देतील ते आण.”

शनिवारी बाईंनी दिलं ते अगदी बरोबर निघालं. भीतीच्या सिनेमांविषयी, विचार करून लिहिलेलं, शेवटी संदर्भग्रंथांची यादीसुद्धा. ताई आनंदाने किंचाळली. केरबा दचकून अंगणात पळाला.

परत येऊन बघतो तर ताई वाचतेय. दहा पानं झाली. चाळीस झाली. ताई थांबेना, वर बघेना. म्हणजे पुस्तक पुन्हा चुकलं! उद्या आबा हसणार!

ताई जेवायला बसली तशी त्याने डिंकाची बाटली काढली.

जेवून ताईने पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचलं, “पैसे देऊन घाबरायला गेलेला माणूस घरी काय घेऊन येतो? ह्याचं उत्तर एकच, आणि ते म्हणजे...”

तिने पान उलटलं. उलटेना. पुढची दोनशे पानं मिळून एकच पान झालं होतं.

ताई थांबली. बराच वेळ छताकडे बघत राहिली.

केरबाचा जीव भांड्यात पडला.

“थांबलीस ना, ताई?” तो म्हणाला. “आता झालं पुस्तक बरोबर.”