पाणवठ्यावरचे ठसे

एका जंगलात एक म्हातारी हत्तीण वडाखाली शाळा भरवत असे. तिच्या शाळेत हरणाचं एक पाडस होतं, एका पायाने लंगडं. जंगलात पाणवठा एकच. तिथल्या ओल्या चिखलात कुणीतरी त्या पाडसाचं चित्र काढलं. पाय असा काही वेडावाकडा काढला, की वर्गातला येणारा-जाणारा खो-खो हसे आणि चित्राशेजारी आपला पाय उमटवून जाई. ठसा उमटवला, म्हणजे आवडलं! दोन दिवसांत चाळीस ठसे झाले.

पाडस हत्तिणीकडे गेलं. "बाई, पाणवठ्यावर सगळे मला हसतात."

"पाणवठा शाळेच्या बाहेर आहे बाळा," बाई म्हणाल्या. "तू तिकडे बघूच नकोस."

मुलांनो, बघू नकोस म्हणणं फार सोपं असतं. न बघता पाणी कसं प्यायचं, ते बाईंनी सांगितलं नाही. पाडसाने पाणवठ्यावर जाणंच सोडलं. उन्हाळ्याचे दिवस. तिसऱ्या दिवशी ते वर्गातच कोसळलं.

बाईंनी धावत जाऊन सोंडेतून पाणी आणलं, तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले. मग त्या साऱ्या वर्गाला घेऊन पाणवठ्यावर गेल्या.

कोल्हा म्हणाला, "चिखलावर नाव थोडंच लिहिलंय? काढणारा सापडायचा कसा?"

"काढणाऱ्याचं नंतर बघू. आधी ज्याचा ठसा, त्याने त्यात पाय ठेवायचा."

ससा रडवेला झाला. "बाई, मी एकदाच ठेवला होता, गंमत म्हणून."

"प्रत्येकाने एकदाच ठेवलाय रे. म्हणून तर चाळीस झाले."

एकेकाने मुकाट्याने पाय ठेवला. कोल्हा तेवढा नखं लपवत मागे उभा होता; चित्रातल्या रेघा त्याच नखांच्या. शेवटी एक ठसा उरला, सगळ्यांत मोठा. बाई पुढे झाल्या आणि त्यांनी त्यात आपला पाय ठेवला.

"मी हसले नाही," त्या म्हणाल्या. "पण इथे उभी राहिले, पाहिलं, आणि पाणी पिऊन निघून गेले."

चिखल वाळून दगड झाला होता. सगळ्यांनी तोंडातून पाणी आणून तो भिजवला. मग बाईंनी सोंडेने कोल्ह्याला पुढे ओढलं आणि त्याच नखांनी त्याला तो खरवडायला लावला. दुसऱ्या दिवसापासून शाळेची हजेरी पाणवठ्यावर होऊ लागली. पाडसही येई, पण कितीतरी दिवस ते आधी चिखलाकडे बघे, मगच पाण्याला तोंड लावी.

तात्पर्य : तुमच्या हातात चिखलाऐवजी मोबाइल आहे, एवढाच काय तो फरक. टिंगल एक जण करतो, ती मोठी करतात बघणारे. आणि शाळेने ती 'बाहेरची गोष्ट' म्हणून सोडली, तर सगळ्यांत मोठा ठसा शाळेचाच उमटतो.