एका कडेची खळ

"पण चाचा, एवढे कायदे बदलतात... तुम्ही त्यांना गाठता कसे?"

"गाठत नाही."

"मग?"

"बसून असतो. ते येतात."

ॲडव्होकेट शार्दूल भणगे हसला. तालुक्याच्या नोंदणी कार्यालयासमोर पत्र्याच्या शेडखाली हुसेन अत्तार पंचावन्न वर्षं खरेदीखतं लिहीत बसले होते, आणि त्यांच्या हातचं एकही खत कोर्टात पडलं नव्हतं. शार्दूल त्यांच्याकडे शिकायला आला होता. खरं सांगायचं तर थोडं दाखवायलाही आला होता. जमिनीच्या कायद्यात कुठे स्वल्पविराम हलला तरी सकाळचा चहा व्हायच्या आत ते त्याच्या फोनवर यायचं, आणि याचा त्याला भारी अभिमान होता.

"आजचंच घ्या," तो म्हणाला. "तुकडेबंदीची नवी दुरुस्ती. छापून आणलीय."

शेतजमिनीचे फार लहान तुकडे विकायला मनाई करणारा तो कायदा चाचांच्या पुस्तकात होता. पुस्तक त्यांच्या वडिलांच्या वेळचं. दर दुरुस्तीची एक, अशा इतक्या चिठ्ठ्या त्यात डकवलेल्या की ते मिटायचंच नाही. चाचा त्याला सुतळी बांधून ठेवायचे.

"तुम्हीच चिकटवा, वकीलसाहेब. माझा हात कापतो."

वाटीत घरी शिजवलेली खळ होती. शार्दूलनं कागदाच्या पाठीला ती चारी कडांपर्यंत नीट फासली. जुन्या चिठ्ठ्यांवर नवा कागद बसवला आणि मुठीनं दाबला. एक सुरकुती नाही.

"आता खालचं काही दिसतच नाही," तो खुशीत म्हणाला.

चाचांनी पाहिलं. पुस्तक उन्हात ठेवलं.

दुपारी एक म्हातारी बाई शेडखाली आली. काखेत प्लॅस्टिकची पिशवी. तिला पाहून शार्दूल जरा सावरून बसला. गोदाक्का शिंगटे. चारच दिवसांपूर्वी त्याच्याकडे येऊन गेली होती. अकरा गुंठे जागा, त्यावर घर. जागा तिच्या आईनं विकत घेतलेली. ज्यानं विकली त्याचा नातू आता म्हणत होता की तुकडा लहान होता, खतच बेकायदा, घर सोडा.

तोवरच्या सगळ्या दुरुस्त्या पाहून शार्दूलनं तिला सांगितलं होतं, तो बरोबर म्हणतोय.

गोदाक्कानं शार्दूलकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चाचा, भांडी बांधून ठिवली मी. घराचं मागायला न्हाई आले."

"बसा अक्का."

"हे खत तुमच्या वडलांच्या हातचं हाय. आईला वाचता येत नव्हतं. त्यांनी सांगितलं तितं अंगठा दिला तिनं." तिनं पिशवीतून खत काढून पुढे केलं. "येवढंच सांगा... त्यांनी माझ्या आईला फसवलं का?"

चाचांचा चेहरा उतरला. शार्दूलला वाटलं, आता म्हातारा चिडेल. पण त्यांनी नुसतं खत घेतलं, तारीख पाहिली आणि उन्हातलं पुस्तक जवळ ओढलं.

पान उघडलं. नखानं कड उचलून पाहिली.

कड हलेना.

उन्हात खळ चांगलीच वाळली होती. सगळ्या जुन्या चिठ्ठ्या शार्दूलच्या गुळगुळीत कागदाखाली गच्च अडकल्या होत्या. ओढलं तर खालचं सगळं फाटून येणार, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळी याच कागदावर आपण मूठ फिरवत होतो, याची त्याला लाज वाटली.

"चाचा, मी..."

"किटली मागवा."

समोरच्या टपरीवरून उकळता चहा आला. चाचांनी झाकण काढलं आणि पान वाफेवर धरलं. त्यांचे हात कापत होते. शार्दूलनं न विचारता पुढे होऊन पुस्तक धरलं. बोटं भाजली, तरी सोडलं नाही.

नवा कागद हळूहळू ओला झाला, सुटला.

त्याच्याखाली दुसरी चिठ्ठी. एकाच कडेला चिकटवलेली, दारासारखी उघडणारी. कोपऱ्यात चाचांच्या अक्षरात तारीख. तिच्याखाली तिसरी. मग चौथी, पिवळी पडलेली. तिच्यावरचं अक्षर वेगळं, टाकानं लिहिलेलं, वडिलांचं.

शार्दूल एकेक उघडत गेला. बाहेरचा गलका त्याला ऐकू येईनासा झाला. प्रत्येक चिठ्ठीखाली एक काळ होता, जसाच्या तसा. त्या त्या काळात कुणी जमीन घेतली, कुणी लेकीला दिली, कुणी अंगठा उठवला... आणि या दोन माणसांनी त्यातलं काहीही पुसलं नव्हतं. एवढं मोठं काही आपण कधी हातात धरलं नव्हतं, असं त्याला वाटलं. त्याचा श्वास आपोआप हळू झाला.

शेवटची चिठ्ठी. 'आपल्या तालुक्यास आजपासून लागू,' आणि तारीख.

त्यानं खतावरची तारीख पाहिली. पुन्हा पाहिली. खत नऊ महिने आधीचं होतं.

"उचला ती," चाचा म्हणाले.

त्यानं उचलली.

"वाचा."

"खाली... काही नाहीये चाचा. कोरा समास आहे."

"तेच वाचा. अक्कांना ऐकू जाईल असं."

शार्दूल उठून उभा राहिला. तो कोर्टात उभा राहायचा, पण असा कधी राहिला नव्हता.

"अक्का, तुमच्या आईनं जागा घेतली, त्या दिवशी आपल्या तालुक्यात कसलीही मनाई नव्हती. खत खरं आहे. घर तुमचं आहे." तो थांबला. "त्यांनी फसवलं नाही. चुकलो मी. तारीख न बघताच बोललो."

गोदाक्का त्या कोऱ्या जागेकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं तिथे अंगठा टेकवला, हलकेच, आणि पदर डोळ्यांना लावला.

"भांडी सोडायला पायजेत," ती म्हणाली आणि खत पिशवीत घालून लगबगीनं निघाली.

किटलीतला चहा निवला होता. दोघांनी तो तसाच प्यायला.

शार्दूलनं एकेक चिठ्ठी पुन्हा मिटली, जपून, जुनी आधी. शेवटी सकाळचा कागद हातात राहिला. ओला, चोळामोळा झालेला.

"हा... परत चिकटवू?"

"चिकटवायलाच हवा. आजचा कायदा आहे तो."

शार्दूलनं खळीत बोट बुडवलं. कागदाच्या पाठीवर नेलं... आणि तिथेच थांबून चाचांकडे पाहिलं.

चाचा सुतळीची गाठ सोडवत होते. मान वर न करता म्हणाले,

"एकाच कडेला लावा, बेटा. खाली माणसं राहतात."